हनुमाननगरची शिकवणी: पेपर परत मिळाल्यावर जिथे खरा अभ्यास सुरू होतो

"दहावीच्या गणित-विज्ञानाला पोरीला कुठे घातलं?" हा प्रश्न मला शाळेच्या फाटकापासून इतवारीतल्या आमच्या दुकानापर्यंत सगळीकडे विचारून झाला आहे. प्रत्येकीला उभ्या उभ्या अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते. ज्यांच्या घरी मूल नववीत आहे आणि रात्रीच्या जेवणाला रोज "क्लास कोणता" हाच विषय निघतो, त्यांनी सावकाश वाचावं. मला या शिकवणीबद्दल मनापासून सांगायचं आहे, चांगलंही आणि खटकलेलंही.

शिकवणी नागपूरच्या हनुमाननगरात, तुकडोजी पुतळ्याच्या चौकातून चालत पाच-सात मिनिटांवर. बाहेर पाटी नाही, पत्रकं वाटत नाहीत. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई स्वतःच्या घराच्या वरच्या मजल्यावर शिकवतात. नाव लिहू नका असं त्यांनीच सांगितलं, म्हणून मी फक्त "बाई" म्हणते. त्या भागात विचारलं की घर कोणीही दाखवतं.

नववीत मुलगी एका मोठ्या क्लासला होती. दर रविवारी टेस्ट, संध्याकाळी मोबाइलवर गुण आणि शेकडो पोरांमधला क्रमांक. उत्तरपत्रिका घरी कधी आली नाही. मागितली तर "रेकॉर्डला ठेवतो मॅडम" असं उत्तर मिळायचं. रविवारची रात्र त्या आकड्यावर जायची आणि सोमवारी नवीन धडा सुरू. वर्षभरात टेस्ट पुष्कळ झाल्या, पण तिचं नेमकं काय चुकतं हे तिला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं आणि बहुतेक तिथे शिकवणाऱ्यांनाही नव्हतं. त्या क्लासचं शिकवणं वाईट होतं असं मी म्हणणार नाही. फळ्यावरचं शिकवणं चांगलंच होतं. पेपर लिहून झाला की मात्र त्याचं काम संपायचं.

बाईंकडे पेपरचं काम तिथून सुरू होतं.

एक आड एक शनिवारी २० गुणांचा, एका तासाचा पेपर असतो. बोर्डाच्या ४० गुणांच्या, दोन तासांच्या पेपरचा बरोबर अर्धा भाग. प्रश्नही त्याच घडणीचे: आधी एकेक गुणाचे, मग चौकटी भरायच्या कृती, शेवटी डोकं लावायचं एखादं. मंगळवारी पेपर हातात येतो, पण त्यावर गुण नसतात. "२० पैकी" अशी जागासुद्धा नसते. समासात प्रश्नाच्या आकड्याशेजारी हिरव्या पेनाचा एक ठिपका असतो. ठिपका आहे म्हणजे या गणितात कुठेतरी काही बिनसलं आहे. कुठे, ते बाई सांगत नाहीत. ती ओळ शोधायचं काम पोरांचं.

पहिल्यांदा असा पेपर घेऊन मुलगी घरी आली तेव्हा चिडलेली होती. "मम्मी, बाईंनी तपासलंच नाही नीट. नुसते ठिपके देऊन ठेवले." दोन दिवसांनी तीच मुलगी जेवण बाजूला सारून एका गणितापाशी बसली होती, कारण ठिपका होता आणि चूक सापडत नव्हती. ते गणित मी इथे देते, कारण सगळी पद्धत त्यात दिसते.

दोन अंकी संख्यांपैकी ४ ने भाग जाणाऱ्या किती? अंकगणिती श्रेढीतलं अगदी नेहमीचं गणित. पहिली संख्या १२, शेवटची ९६, फरक ४. तिने सूत्र बरोबर लिहिलं, किमती बरोबर भरल्या: ९६ = १२ + (एन − १) × ४. मग ८४ = (एन − १) × ४. मग २१. आणि खाली रेघ मारून उत्तर २१. सगळ्या ओळी तिने तीन-चारदा तपासल्या. भागाकार बरोबर, वजाबाकी बरोबर. शेवटी कंटाळून तिने १२, १६, २० करत संख्या बोटांवर मोजायला घेतल्या आणि त्या २२ भरल्या. तेव्हा तिला दिसलं की २१ ही एन ची किंमत नाहीच, एन वजा एकची आहे. ती शेवटच्या पायरीच्या आधीच थांबली होती. "अगं बाप्पा!" असं जोरात ओरडली, तेव्हा हे आतल्या खोलीतून उठून आले.

हे शोधून झालं की दुरुस्ती वही. मोठी दोनशेपानी, साधी. डाव्या पानावर चुकलेलं गणित जसंच्या तसं उतरवायचं, चुकीच्या ओळीखाली हिरवी रेघ. उजव्या पानावर तेच गणित बरोबर करून. त्याखाली दोन-तीन वाक्यं: कुठून चुकत गेलं, का गेलं, पुढच्या वेळी कशावर नजर ठेवीन. पोरं सेमी इंग्रजीची असली तरी ही वाक्यं मराठीत लिहायची, आणि बोलतो तशी. माझ्या मते हा नियम फार मोलाचा आहे. गणित इंग्रजीतून सोडवणारं मूल त्याचं कारण इंग्रजीत लिहायला गेलं की पुस्तकातलं पाठ वाक्य ठेवून देतं. मराठीत लिहिताना त्याला खरंच विचार करावा लागतो. मुलीच्या वहीतलं त्या दिवशीचं वाक्य असं आहे: "२१ आलं की मला वाटलं संपलं. कंस सोडवायचा राहिला होता. आता उत्तराखाली रेघ मारायच्या आधी प्रश्नात काय विचारलं ते परत वाचीन."

"घाईत चुकलं" आणि "सिली मिस्टेक" हे दोन शब्द वहीत चालत नाहीत. असं लिहिलं की वही परत. एका पोराने वाद घातला, "बाई, खरंच घाईत झालं ना." बाई म्हणाल्या, "घाई तर पूर्ण पेपरभर होती बेटा. मग याच ओळीत काहून चुकलं?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. वही चाळल्यावर दिसलं की त्याची उणे चिन्हं दर वेळी कंस उघडतानाच हरवत होती. घाईचा काही संबंध नव्हता.

मी दुकानात हिशेब बघते, त्यामुळे ही वही बघून मला लगेच ओळखीचं वाटलं. खातेवहीत चुकलेली नोंद कोणी खरडून काढत नाही. ती तिथेच राहते, दुरुस्तीची वेगळी नोंद पडते आणि तिच्याखाली कशासाठी केली ते लिहावं लागतं. वर्षाअखेरीला तपासनीस आले की आधी त्याच नोंदी बघतात, कारण कुठल्या जागी पुन्हा पुन्हा घोळ होतो ते तिथेच कळतं. मुलीच्या वहीतही दोन महिन्यांत तसंच दिसू लागलं. तिची आकडेमोड फारशी चुकत नाही. प्रश्न अर्धाच वाचणं ही तिची खोड आहे. आजवर आम्ही तिला रोज पाढे म्हणायला लावत होतो.

आमच्या धंद्यातलंच आणखी एक. अर्थनियोजनाच्या धड्यात जीएसटीची गणितं आहेत. करासह किंमत ११८० रुपये, दर १८ टक्के, तर कर किती? वर्गातल्या बऱ्याच पोरांनी ११८० चे १८ टक्के काढले आणि २१२ रुपये ४० पैसे लिहिलं. खरा कर १८० रुपये, केंद्राचे ९० आणि राज्याचे ९०, कारण १८ टक्के मूळ १००० वर लागतात. ही चूक दुकानात नवीन लागलेली शिकलेली मुलंसुद्धा करतात. बाईंनी उत्तर सांगितलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचा कर किमतीतून वजा करा आणि जे उरलं त्यावर परत १८ टक्के लावून बघा, ११८० येतात का." नाही आले. ९६७ रुपये ६० पैसे उरले आणि त्यावर कर लावून ११८० होईनात. मग वर्ग आपोआप १०० ला ११८ या गुणोत्तरापाशी पोचला. त्या दिवशी मुलगी घरी येऊन माझ्या टेबलावरची बिलं तपासत बसली.

आता माझ्या मनात जी शंका होती ती सांगते, कारण ती तुमच्याही मनात येईल. चुकीचं गणित पुन्हा जसंच्या तसं लिहायला लावलं तर तेच डोक्यात पक्कं बसणार नाही का? आपल्या लहानपणी शुद्धलेखन चुकलं की बरोबर शब्द दहादा लिहायचो, चुकीचा कोणी लिहायला लावत नव्हतं. ही शंका फक्त आईबापांची नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५० च्या दशकात शिकवण्याची यंत्रं काढली तेव्हा पायऱ्या मुद्दाम इतक्या लहान ठेवल्या की मुलाने शक्यतो चुकूच नये. पालकसभेत मी हे विचारलं. बाईंनी त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या एका पानाची झेरॉक्स सगळ्यांना दिली. मी नंतर त्यातल्या गोष्टी शोधून वाचल्या.

त्यातली मला सर्वात पटलेली गोष्ट २००१ सालच्या एका प्रयोगाची. बटरफील्ड आणि जॅनेट मेटकाफ या संशोधकांनी लोकांना सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारले आणि प्रत्येक उत्तराबद्दल तुम्हाला किती खात्री आहे तेही विचारलं. चुकलेल्यांना बरोबर उत्तर सांगितलं. मग पुन्हा परीक्षा घेतली. आपल्याला वाटेल की ठाम चुकीची समजूत निघता निघणार नाही. झालं उलटं. ज्या उत्तरांची पूर्ण खात्री होती आणि जी तरीही चुकली, त्यांचीच दुरुस्ती जास्त चांगली लक्षात राहिली. खात्रीला धक्का बसला की माणूस लक्ष देऊन बघतो.

बाईंनी हे वर्गात आणलं आहे. पेपर लिहितानाच पोरं प्रत्येक उत्तराशेजारी खूण करतात: पक्की खात्री असेल तर बरोबरची खूण, नसेल तर प्रश्नचिन्ह. समरूप त्रिकोणांच्या पेपरात बाजूंचं गुणोत्तर २ : ३ दिलं होतं, क्षेत्रफळांचं विचारलं होतं. मुलीने २ : ३ च लिहिलं आणि पुढे ठसठशीत बरोबरची खूण केली. मंगळवारी तिथे ठिपका. बाईंनी चौकटीच्या कागदावर दोन काटकोन त्रिकोण काढायला लावले आणि आतल्या चौकटी मोजायला लावल्या. ४ : ९. आता मध्यरात्री उठवून विचारलं तरी ती "बाजूंचा वर्ग" म्हणेल. ज्या उत्तरांपुढे प्रश्नचिन्ह होतं त्यातली काही तिला आजही परत बघावी लागतात.

गुण न दाखवण्यामागेही कारण आहे आणि पालकांना तेच सर्वात जड जातं. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास १९८८ मध्ये छापून आला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा आणि गोडी दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेल्यांना तसा फायदा झाला नाही, कारण आकडा दिसला की शेरा वाचायचं राहून जातं. आपल्या घरातलं चित्र आठवा. पोरगं पेपर घेऊन आलं की आपण आधी काय विचारतो? शेजारच्या काकू जिन्यात काय विचारतात? "किती पडले जी तुमच्या पोरीले?" मी त्यांना "शुक्रवारी कळेल" असं सांगायला शिकले आहे. दुरुस्ती वही पूर्ण झाल्यावर शुक्रवारी गुण सांगतात. तोवर पोरीचं अर्धं लक्ष त्यावरून उडालेलं असतं, हे मी स्वतः बघितलं.

दुरुस्ती केली म्हणून गुण लगेच परत मिळत नाहीत. इथे बाई कडक आहेत आणि मला ते आवडलं. प्रत्येक चुकलेल्या गणिताला त्या एक "जुळं" देतात: आकडे वेगळे, गोष्ट वेगळी, आतली गाठ तीच. ४ ने भाग जाणाऱ्या संख्यांचं जुळं होतं तीन अंकी संख्यांत ७ ने भाग जाणाऱ्या किती. हे जुळं लगेच येत नाही, पुढच्या पेपरात येतं. ते एकट्याने सुटलं तर गेलेल्या गुणांपैकी अर्धे परत. मुलीने १२८ लिहिलं, १२७ नाही, आणि त्या एका गुणाचा आनंद तिला पैकीच्या पैकीपेक्षा मोठा होता. मधे दिवस जाऊ देण्याचं कारणही त्या झेरॉक्सवर होतं. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवलं की धडा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे असतात, पण आठवडाभराने ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं ते पुढे जातात. पोरं दुरुस्तीच्या दिवशी "समजलं समजलं" म्हणतात. समजलं की नाही ते नंतरच कळतं.

आता अडचणींकडे येते.

पहिली, वेळ. आठवड्यातल्या पाच दिवसांपैकी दोन दिवस दुरुस्तीत जातात. मोठे क्लास दिवाळीपर्यंत पोर्शन संपवून उजळणीला लागतात, बाईंचं महत्त्वमापन जानेवारीत सुरू होतं. त्यात आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, पुढे पोळा, मारबत, गणपती, दसरा, दिवाळी. बोर्ड फेब्रुवारीत येऊन उभं राहतं. डिसेंबरात आम्ही पालक खरोखर घाबरलो होतो. दोघांनी मुलं काढून घेतली आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. बाईंनी त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन यांना आणखी आठ-दहा दिवस आधी हात घालायला हवा. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. त्यांनी "बघते" म्हटलं, म्हणजे पुढच्या वर्षी फरक पडेलच असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.

दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्या मुलाचा पाया कच्चा आहे त्याच्या पेपरावर ठिपकेच ठिपके. वर्गात असा एक मुलगा होता. पहिल्या दोन पेपरांनंतर त्याच्या वहीची पानं संपेनात. बाकीची पोरं जुळ्यांवर गेलेली, हा अजून डाव्या पानावरच. मग तो यायचाच बंद झाला. चुका शोधायला सुद्धा थोडं येत असावं लागतं. अजिबात न कळलेल्या गणितात चुकीची ओळ कशी सापडणार? बाई त्याच्या घरी गेल्या, त्याला परत आणलं आणि त्याच्यापुरता नियम बदलला: पेपर कितीही चुकला तरी ठिपके तीनच, आणि तेही हाती लागतील असे. बाकीचं बाई समोर बसवून नव्याने शिकवतात. आता हा नियम कच्च्या असलेल्या सगळ्यांना लागू आहे. मुलगा टिकला. पण हे सुरुवातीपासून असायला हवं होतं. तुमच्या मुलाला नववीत काठावर गुण असतील तर प्रवेश घेतानाच बाईंशी यावर बोला, नंतर नको.

तिसरी, नक्कल. काही पोरं गाईडमधून उजवं पान भरतात आणि कारणाची वाक्यं एकमेकांची उतरवतात. बाई वही मिटून समोर बसवतात आणि "सांग" म्हणतात, तेव्हा ते उघडं पडतं. तरी सतरा-अठरा पोरांत दर वेळी सगळ्यांची पाळी येत नाही. जोड्यांत बसवतात तेव्हा मात्र छान चालतं. ज्याचं गणित बरोबर आहे त्याने उत्तर सांगायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे. एकदा मी न्यायला लवकर गेले तेव्हा जिन्यातून ऐकलं: "ही ओळ वरच्या ओळीतून कशी आली ते सांग ना." "अशीच आली." "अशीच कशी येईल बे?" आणि मग बराच वेळ शांतता. चौदा-पंधरा वर्षांची पोरं एकमेकांना हे विचारत होती. मी खालीच थांबले.

विज्ञानाबद्दल माझं मत गणिताइतकं चांगलं नाही. विज्ञान भाग १ मधली भिंगांची, विद्युतधारेची गणितं आणि रासायनिक समीकरणं संतुलित करणं यांना ही पद्धत चपखल बसते. भिंगाच्या सूत्रात वस्तूच्या अंतराचं चिन्ह चुकणं ही तर वहीत पकडायलाच जन्मलेली चूक. पण "कारणे लिहा" आणि व्याख्या यांत मुलाचं उत्तर चूक नसतं, अपुरं असतं. तिथे नुसत्या ठिपक्यावरून काय कमी आहे ते मुलाला कळत नाही. बाईंनी तिथे एक चांगला नमुना समोर ठेवून तुलना करायला लावावी असं मला वाटतं. विज्ञान भाग २ त्या घेत नाहीत, ते घरी किंवा शाळेवर.

एक गोष्ट मात्र मी दुसरीकडे कुठे बघितली नाही. बोर्डाचा निकाल लागल्यावर अर्ज करून आपल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, पुनर्मूल्यांकनाला जायचं तर ती आधी घ्यावीच लागते. बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांनी अशा छायाप्रती त्यांना आणून दिल्या आहेत. नाव आणि बैठक क्रमांकाची जागा कापून त्या फाइलला लावलेल्या. डिसेंबरपासून पोरांच्या हातात ही खरी बोर्डाची पानं येतात. परीक्षकाने कोणत्या पायरीला अर्धा गुण दिला, कुठे कापला, प्रमेयात "पक्ष" आणि "साध्य" न लिहिल्याने काय झालं, रचनेत कंपासचे कंस पुसून टाकल्याने काय झालं. पोरं परीक्षक होऊन आधी स्वतः तपासतात, मग प्रत्यक्ष दिलेल्या गुणांशी ताडतात. दुसऱ्याच्या पेपरातली चूक किती पटकन दिसते आणि तीच आपल्या पेपरात कशी दिसत नाही, हे त्यांना तिथे उमगतं. त्यानंतर मुलीची मांडणी एकदम बदलली. आता प्रत्येक ओळीसमोर कारण असतं.

शाळेतल्या चाचणीचाही तिने असाच उपयोग सुरू केला. शाळेत पेपर दहा मिनिटं हातात देतात आणि गोळा करतात. पूर्वी त्या दहा मिनिटांत गुणांची बेरीज आणि शेजारणीशी तुलना व्हायची. आता ती चुकलेलं गणित कच्च्या वहीत उतरवून आणते. हे कोणी सांगितलं नव्हतं. पूर्वपरीक्षेत बीजगणितात तिला ४० पैकी ३३ पडले, पहिल्या घटक चाचणीच्या मानाने पुष्कळ वर. ते सगळं या वहीमुळेच असं मी म्हणणार नाही, मुलं वर्षभरात मोठीही होतात. पण गेलेले सात गुण कुठे गेले ते तिने मला घरी येऊन न विचारता सांगितलं, पायरीसकट.

व्यवहाराचं. गणित आणि विज्ञान भाग १ मिळून वर्षाचे १४ हजार, चार हप्त्यांत, पावती मिळते. मोठ्या क्लासच्या मानाने हे खूप कमी आहे. जागा दाटीची. पोरं सतरंजीवर बसतात, उंच मुलांची पाठ दुखते. एसी नाही, कूलर आहे, एप्रिल-मेमध्ये दुपारची बॅच त्रासदायक होते, सकाळी सातची मागून घ्या. गल्ली अरुंद आहे, गाडी दारापर्यंत नेऊ नका, शेजाऱ्यांची कुरकुर बाईंना ऐकावी लागते. मुलींसाठी एक चांगलं: संध्याकाळची बॅच सुटली की पोरं चौकापर्यंत घोळक्याने जातात आणि बाई गच्चीवरून बघत उभ्या असतात. पुढे जेईई-नीटची तयारी आत्तापासून हवी असेल तर ही जागा तुमच्यासाठी नाही, त्या ते घेतही नाहीत.

नववीचा निकाल लागला की प्रवेश सुरू होतो आणि जागा लवकर भरतात. जाताना गुणपत्रिका नको, मुलाच्या नववीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका असतील त्या न्या, कितीही चुकलेल्या असोत. बाई त्यातलं एक गणित काढतात आणि आईबापांना बाहेर बसायला सांगून मुलाला विचारतात, "यात कुठे गडबड झाली, शोधतोस का?" मूल शोधायला बसलं की प्रवेश पक्का. सापडलंच पाहिजे अशी अट नाही.